मुंग्यांनी दाखवलेलं बोट

"हलू नकोस," टेबलाखालून ढब्बूचा आवाज आला. "तुझ्या चपलेच्या अगदी शेजारून त्यांचा रस्ता जातोय."

मिरीने पाय जिथल्या तिथे ठेवला. खाली वाकून बघायचंही तिच्या जिवावर आलं होतं. "कुणाचा रस्ता?"

"मुंग्यांचा. सकाळपासून बघतोय. इकडून जाणाऱ्या बारीक असतात आणि तिकडून येणाऱ्यांची पोटं फुगलेली असतात."

"म्हणजे तुझे नातेवाईक," खिडकीच्या कट्ट्यावर लांबलचक पाय पसरून बसलेला अँटेना म्हणाला.

तिघांची सुट्टी आईच्या या लॅबमध्ये अडकून पडली होती. मिरी आणि ढब्बू ही सख्खी भावंडं. त्यांचे बाबा दूर कुठेतरी पुलाच्या कामावर होते. ढब्बूला घरी ठेवावं, तर गेल्या खेपेला त्याने न्हाणीघराचं तळं करून त्यात सगळ्यांच्या चपला सोडल्या होत्या. म्हणून आई रोज मुलांना कामावर बरोबर घेऊन यायची. अँटेना त्यांचा मावसभाऊ. डोंगरबिंगर चढायला मिळेल या आशेने तो दोरी, टॉर्च आणि होकायंत्र घेऊन सुट्टीला आला होता. ताडमाड उंच, आणि भिंतीपलीकडचं बोलणंही त्याला ऐकू यायचं, म्हणून अँटेना. सध्या त्याला पलीकडच्या खोलीतल्या जांभया तेवढ्या ऐकू येत होत्या.

"प्रात्यक्षिक एकदा पार पडू दे," आई म्हणायची. "मग तुमची सुट्टी."

हे ती कितीतरी दिवस म्हणत होती. आता मात्र ते प्रात्यक्षिक खरोखरच दुसऱ्या दिवसावर येऊन ठेपलं होतं.

तेरा वर्षांच्या मुलीला ऐन सुट्टीत थकवा कसा येतो असं कुणी विचारलं असतं, तर मिरीला धड सांगता आलं नसतं. पण आला होता खरा. सकाळी टेबलावर डोकं टेकून झोपलेल्या आईला उठवायचं, डबे भरायचे, ढब्बूचे प्रश्न आईपर्यंत पोचायच्या आत आपणच झेलायचे. दमलेल्या माणसाला काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही, हे ती आपलं आपणच शिकली होती. सगळे तिला समजूतदार म्हणायचे. त्या शब्दाचाही तिला अलीकडे कंटाळा आला होता.

"कपाटात शिरतायत गं त्या," ढब्बू म्हणाला. "हाताच्या कपाटात."

आता मात्र मिरी वाकली.

मुंग्यांची रांग भिंतीच्या कडेने जाऊन काचेच्या कपाटामागे चढत होती आणि वायरींसाठी ठेवलेल्या भोकातून आत जात होती. आत तो हात होता. कोपरापासून खालचा, लोखंडी मनगटाचा. पाचही बोटांवर राखाडी रबराची मऊ त्वचा. म्हाताऱ्या, आजारी माणसांना खुर्चीतून उठायला आधार द्यावा म्हणून लॅबमधली माणसं तो बनवत होती. हाताचं बाकीचं काम बऱ्याच जणांनी मिळून केलेलं, पण बोटं एकट्या आईची.

त्या बोटांची गंमत आईने एकदा घरी लाटण्यावर पाण्याची पिशवी गुंडाळून दाखवली होती. "हे लाटणं म्हणजे बोटाचं हाड आणि ही पिशवी म्हणजे कातडी. मधे द्रव. आता बाहेरून दाब. पाण्याला लगेच कळलं की नाही? दाबलंस तिथे ते पातळ झालं, बाजूला फुगलं. आमच्या बोटात खालच्या हाडावर बारीक बारीक सेन्सर आहेत. द्रव कुठे पातळ झाला आणि त्याचा दाब किती वाढला, हे ते ओळखतात. त्यावरून हाताला कळतं की काहीतरी धरलंय, आणि किती जोरात."

"आणि जोरात धरलं तर?" ढब्बूने विचारलं होतं.

"तर तो थांबतो. ते कळावं म्हणून तर एवढा खटाटोप."

अँटेनाने टॉर्च काढून काचेवर धरला. मुंग्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकाला चिकटल्या होत्या. बाकीच्या तीन बोटांकडे एकही फिरकत नव्हती. त्या दोन बोटांखालच्या थाळीत टाचणीच्या डोक्याएवढे चकचकीत थेंब पडलेले.

ढब्बूने वायरींच्या भोकातून करंगळी आत घातली, थेंबाला लावली, आणि कुणी काही म्हणायच्या आत तोंडात घातली.

"गोड आहे. मग जरा खारट."

"तू चाटलंस ते?" मिरी हादरली.

"मुंग्या खातायत की."

"मावशीने सांगितलं होतं, आत ग्लिसरीन आणि मिठाचं पाणी असतं," अँटेना हळूच म्हणाला. "मरणार नाही हा. पण ते आत असायला हवं. बाहेर कसं आलं?"

सांगायचं तर पलीकडच्या खोलीतल्या काकांना सांगायला हवं होतं. हाताचा संगणक त्यांच्याकडे होता. माणूस सज्जन, पण बोलताना दर वाक्याला जांभई द्यायचे. मुलं आपसांत त्यांना जांभईकाका म्हणायची. घरी त्यांचं तान्हं बाळ रात्रभर जागायचं, आणि इथे प्रात्यक्षिकाची घाई. त्यांच्या डोळ्यांखाली कुणी बोटाने काजळ पुसल्यासारखं काळं झालं होतं.

"मुंग्या?" त्यांनी जांभई दिली. "तुमच्या जॅमला आल्या असतील. डबे झाकून ठेवा रे."

"पण काका, दोनच बोटांवर आहेत."

"हे बघ." त्यांनी पडदा वळवून दाखवला. पाच बोटांचे पाच हिरवे दिवे. "सगळं ठणठणीत. सकाळी दोन दिवे पिवळे असतात, ते मी शून्य करतो की झालं."

"शून्य करता म्हणजे?" अँटेनाने विचारलं.

"म्हणजे... वजनकाटा कसा, रिकामा असताना शून्यावर नसला तर आपण बटण दाबून शून्यावर आणतो. तसंच. बोटाला कुणी शिवलं नसताना जो दाब असेल, त्याला शून्य म्हणायचं. हवा बदलली की द्रव आकसतो, फुगतो. त्याचं काय एवढं."

"रोज करावं लागतं?"

"रोज. आठवडाभर झाला असेल." काकांनी डोळे चोळले. "जा रे आता. मला उद्याचं सगळं तीनदा तपासायचंय."

बाहेर आल्यावर अँटेनाने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "मिरे, पाण्याची पिशवी अर्धी रिकामी झाली आणि आपण म्हटलं हेच शून्य, तर?"

मिरीला डोळ्यांपुढे ते लाटणं दिसलं. पिशवी सैल पडलेली. दाबलं तरी पाणी नुसतं इकडचं तिकडे होतंय. "तर हाताला वाटेल, अजून नीट धरलंच नाही. तो आणखी दाबेल."

"आणि दिवा हिरवाच."

ती आईच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. आई स्टुलावर बसून फोनवर कुणालातरी पाहुण्यांच्या खुर्च्यांबद्दल समजावत होती. एक हात कपाळावर, डोळे मिटलेले. फोन ठेवून तिने मान वर केली.

"काय गं? पटकन सांग."

आईचा आवाज इतका दमलेला होता की मिरीने तोंडाशी आलेलं गिळलं. "काही नाही. पाणी हवंय का तुला?"

"नको, राणी." आई पुन्हा कागदांकडे वळली.

"सांगितलंस?" अँटेनाने विचारलं.

"आधी आपली खात्री करू," मिरी म्हणाली. ते खरंही होतं आणि पळवाटही होती.

खात्री करायची युक्ती ढब्बूने काढली. त्याच्याकडे खेळायची रंगीत माती होती आणि कंटाळा आला की तो तिचे साप वळायचा. संध्याकाळी काकांनी सरावासाठी हात कपाटातून काढून स्टँडवर बसवला आणि एका लाकडी दांड्यावर पकड तपासली. दांडा टणक. हाताने हळू दाबला काय आणि कचकचून दाबला काय, त्यावर ओरखडाही उठणार नव्हता.

"काका, एकदा माझा साप धरू दे ना त्याला," ढब्बू लाडात आला. "एकदाच. मग मी दिवसभर काही मागणार नाही."

"दिवस संपलाच आहे, लबाडा." काकांनी जांभई देत बटण दाबलं.

हात हळूच मिटला. एकदा थबकला, मग आणखी मिटला. उघडला तेव्हा अँटेनाने साप अलगद उचलून खिडकीशी नेला. मधल्या बोटाचा ठसा नखाएवढा खोल, करंगळीचाही तेवढाच. तर्जनी आणि अंगठा जिथे समोरासमोर आले होते, तिथे माती जवळजवळ तुटली होती. मधे कागदासारखा पापुद्रा उरला होता.

"काका, हे बघा."

"माती तिथे ओली असेल," काका म्हणाले. त्यांनी बघितलं होतं, पण दमलेलं माणूस बघतं तसं, नजर गेली आणि मन गेलं नाही. "चला, दिवे बंद करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब ओळखू येत नव्हती. फरशी पुसलेली, खुर्च्या मांडलेल्या. बाहेरच्या बोळात जाहिरातीचं काम बघणारा माणूस शिडीवर चढून एक भलंमोठं चित्र चिकटवत होता. चित्रात तो हात होता आणि हातात लाल गुलाब. खाली लिहिलेलं, 'मायेचा स्पर्श'.

मिरी नुसतीच बघत उभी राहिली. रात्रभर तिला धड झोप नव्हती. साप, पापुद्रा, आईचं कपाळ, हेच डोळ्यांपुढे येत होतं. मग तिचं लक्ष गुलाबाच्या देठाकडे गेलं. ती शिडीच्या अगदी खाली जाऊन उभी राहिली.

"दादा, हा फोटो कधी काढला?"

"आठवडा झाला. तुझी आई नवं रबर आणायला गेली होती ना, त्या दिवशी. झकास आलाय की नाही?"

"काटे काढले नव्हते का हो देठाचे?"

"काटे काढले की फूल प्लॅस्टिकचं दिसतं," तो खूष होऊन म्हणाला. "आणि नीट पकडत नव्हता तो, निसटायचं. मग मीच त्याची बोटं जरा दाबून बसवली."

चित्रात एक काटा तर्जनीखाली अर्धा गेलेला दिसत होता. दुसरा अंगठ्याच्या आड.

"टाचणीएवढी भोकं," अँटेना पुटपुटला. "रबर ताणलं की उघडतात, सोडलं की मिटतात. म्हणून नुसतं बघून कळत नाही. हात काही धरतो तेव्हा थेंब बाहेर येतो."

"आणि मग मुंग्या," ढब्बू म्हणाला.

"आईला सांगायचं," मिरी म्हणाली. "आत्ता."

पण आत्ता आई सापडायलाच तयार नव्हती. पाहुणे आले होते. निरनिराळ्या वृद्धाश्रमांची माणसं, मोठ्या दवाखान्याच्या मुख्य परिचारिका, कुणी कुणी. साहेब, म्हणजे लॅबचे मुख्य, आईला एकाकडून दुसऱ्याकडे नेऊन ओळख करून देत होते. मिरी मधे घुसली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला अलगद बाजूला सरकवलं.

"बाळ, आज आईला त्रास द्यायचा नाही. मुलांनी बाहेर खेळायचं."

"साहेब, हाताची दोन बोटं गळतायत."

"हो का? आपण नंतर बघू हं." ते हसतच पाहुण्यांकडे वळले. आईने गर्दीतून मिरीकडे बघून डोळ्यांनीच विचारलं, काय? तेवढ्यात दार लोटलं गेलं आणि शिपायाने बाहेर स्टूल टाकलं. मुलांना आत सोडायचं नाही असं त्याला सांगितलेलं.

बोळाच्या टोकाला चाकांच्या खुर्चीत एक बाई एकट्याच बसल्या होत्या. पांढरेशुभ्र आखूड केस, पाठ मात्र ताठ. शेजारच्या वृद्धाश्रमात राहायच्या त्या. आयुष्यभर शाळेत कवायत शिकवलेली, आता गुडघे गेलेले. आज तो हात त्यांनाच धरून उठवणार होता. त्यांना इथे आणून सगळे विसरून गेल्यासारखे दिसत होते.

"कसली खलबतं चाललीत रे?" त्यांनी विचारलं. "मघापासून बघतेय. तोंडं बघा तुमची, परीक्षेला बसल्यासारखी."

मिरीने सांगितलं. सुरुवातीला अडखळत, मग सगळं. मुंग्या, शून्य, माती, काटे. सांगता सांगता तिला जाणवलं की कितीतरी दिवसांत आपण एवढं सलग कुणाशी बोललोच नाही. ऐकून झाल्यावर बाईंनी आपलं मनगट वर धरलं. बारीक, निळ्या शिरांचं.

"डॉक्टर म्हणतात माझी हाडं खडूसारखी झालीत," त्या म्हणाल्या. "ती माती आहे तुमच्याकडे?"

ढब्बूने खिशातून नवा साप काढला. सकाळीच वळलेला, जाडजूड.

"दे इकडे. आणि तू, उंच मुला, माझी खुर्ची ढकल. मुलगी उजवीकडे, हा डावीकडे. कुणी विचारलं तर मी बोलेन. तुम्ही नुसते चाला."

शिपाई उठून उभा राहिला. "बाई, मुलांना आत..."

"खुर्ची तू ढकलतोस?"

शिपायाने एकदा दारापुढच्या चढाकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघितलं. त्याने दार उघडलं.

आत साहेबांचं भाषण रंगात आलं होतं. "या हाताला स्पर्श कळतो, मित्रहो. तो आईच्या हाताइतका हळुवार आहे." आई हाताच्या शेजारी उभी होती. जांभईकाका संगणकाशी. पडद्यावर पाच हिरवे दिवे. मुलांना बघून साहेबांच्या कपाळाला आठी पडली, पण पाहुण्यांपुढे काय बोलणार?

अँटेनाने खुर्ची हातासमोर लावली. "बाई, हात पुढे करा," साहेब म्हणाले.

बाईंनी दोन्ही हात मांडीवर तसेच ठेवले. "माझी एक अट आहे. आधी त्याने हे धरून दाखवायचं." त्यांनी मातीचा साप काढला.

खोलीत थोडं हसू पसरलं. साहेबही हसले. "बाई, वेळ थोडा आहे. सगळं तपासून झालंय."

"कुणी तपासलंय?"

मिरीने आईकडे बघितलं. आईचे डोळे लाल, ओठ सुकलेले. हे आता हिला सांगायचं, इतक्या लोकांसमोर, इतक्या दिवसांच्या कामानंतर. पण समोर बाईंचं मनगट होतं.

"आई," ती म्हणाली. आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. "अंगठा आणि तर्जनी गळतायत. काल आम्ही बघितलं. काका रोज सकाळी शून्य करतात, म्हणून दिवे हिरवे दिसतात. त्याला साप धरू दे. एकदाच."

आईने तिच्याकडे बघितलं. मग काकांकडे. काकांची जांभई अर्ध्यावर विरली होती.

"धरू द्या," आई म्हणाली.

"अहो, पण पाहुणे..." साहेब कुजबुजले.

"धरू द्या म्हणते मी."

बाईंनी साप पुढे धरला. हात आला, मिटला, थबकला. मग पुढे दाबतच गेला. पडद्यावर सगळे दिवे हिरवे, आणि साप तर्जनीखाली तुटला. एक तुकडा फरशीवर पडला तेवढाच आवाज झाला. बाईंनी आपलं मनगट दुसऱ्या हाताने झाकून घेतलं.

आईने यंत्राचा खटका बंद केला. तिने तर्जनी आपल्या चिमटीत धरून दाबली. रबरावर एक थेंब उमलून आला आणि तिच्या नखावर घरंगळला. अंगठा दाबला, तिथेही तेच.

"गुलाबाचे काटे," मिरी म्हणाली. "बाहेरच्या फोटोत दिसतायत. तू रबर आणायला गेली होतीस त्या दिवशी."

दारातल्या जाहिरातवाल्याने शिडी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"मी तिथेच होतो," जांभईकाका म्हणाले. ते उठून उभे राहिले होते. "पाच मिनिटांचं काम म्हणाले. मला जरा डोळा लागला. आणि नंतर रोज पिवळे दिवे लागायचे, ते मी... तुम्हाला आणखी एक काम कशाला, म्हणून मीच शून्य करून टाकायचो. चुकलं माझं."

साहेब पाहुण्यांकडे वळले. "एक किरकोळ तांत्रिक अडचण..."

"किरकोळ नाही," आई म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, पण कापत नव्हता. "आज बाईंचं मनगट मोडलं असतं. हात तयार नाही. मी आज कुणालाही त्याच्या हाती देणार नाही. माफ करा, तुम्ही लांबून आलात."

दवाखान्याच्या मुख्य परिचारिका उठल्या. त्यांनी फरशीवरचा मातीचा तुकडा उचलला आणि उलटसुलट करून पाहिला.

"आमच्याकडे महिन्याला कुणी ना कुणी यंत्रं दाखवायला येतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचे दिवे हिरवेच असतात. चूक आमच्यासमोर उघडून दाखवलेली मी आज पहिल्यांदा बघतेय. हात तयार झाला की मला बोलवा. मी येईन." मग त्या मुलांकडे वळल्या. "आणि तुम्ही असाल तर नक्की येईन. आमच्या मोठ्या माणसांत इतकं नीट बघणारे फार थोडे आहेत."

अँटेना कानापर्यंत लाल झाला. ढब्बूने साप परत मागितला.

पाहुणे गेल्यावर आई बोळात भिंतीला टेकून चक्क फरशीवर बसली. मिरी शेजारी बसली.

"काल तू दारात आली होतीस," आई म्हणाली. "हेच सांगायला?"

"हो."

"मग पाणी काय विचारलंस?"

"तू दमली होतीस." मिरी म्हणाली. "रोजच दमलेली असतेस. मला वाटलं, आणखी एक कशाला. काकांनाही तसंच वाटलं ना."

आईने तिला जवळ ओढलं. तिच्या हाताला ग्लिसरीनचा चिकटपणा होता. "काकांना आणि तुला दोघांनाही माझी दया आली," ती हळूच म्हणाली. "आणि बिचाऱ्या बाईंचा हात जाता जाता वाचला. हे बघ, यापुढे मी कितीही मेल्यासारखी दिसले ना, तरी मला उठवून सांगायचं. मी चिडेन, ओरडेन. तरी सांगायचं."

"आणि मी दमले असले तर?" मिरीने विचारलं. विचारायचं असं काही ठरवलं नव्हतं, तोंडून निघून गेलं.

आईने तिच्याकडे नीट वळून बघितलं, जणू बऱ्याच दिवसांनी भेटत होती. "दमलीस?"

"खूप."

"मग आज मी तुला घरी नेते, आणि उद्या कुणीच इथे यायचं नाही."

साहेब जाता जाता थांबले. त्यांच्या टायची गाठ सैल झाली होती आणि चेहराही जरासा ओघळला होता. "बाळ, तू मला सकाळी सांगितलं होतंस," ते मिरीला म्हणाले. "मी ऐकलं नाही. शाबास म्हणायला आता लाज वाटते, पण म्हणतो." त्यांनी आईलाही सांगितलं की तिने हवा तेवढा वेळ घ्यावा. नंतर तो वेळ त्यांनी तीनदा कमी करायचा प्रयत्न केला, ती गोष्ट वेगळी.

आईने बोटांची त्वचा दुहेरी केली. दोन थरांच्या मधे जाळीचं पातळ कापड घातलं. शून्य करायचं बटण मुलांच्या सांगण्यावरून बदललं. आता ते दाबलं की हात आधी एका मऊ गोळ्यावर पाचही बोटं एकेक करून टेकवायचा. एखादं बोट बाकीच्यांपेक्षा जास्त रुतलं तर संगणक अडून बसायचा, आणि काकांनी कितीही समजूत काढली तरी ऐकायचा नाही. "घरी एक बाळ आणि इथे एक," काका म्हणायचे. पण आता ते जेवणानंतर आईला सांगून तासभर झोपायचे, आणि जागे असले की जागे असायचे.

शाळा सुरू व्हायच्या आधी बाई पुन्हा आल्या. या वेळी भाषण नव्हतं. साहेब मागच्या खुर्चीत गप्प बसले होते, परिचारिका पुढच्या. जाहिरातवाल्याने हात मागे बांधून घेतले होते. आईने मिरीला स्वतःशेजारी उभं केलं.

बाईंनी मनगट पुढे केलं. राखाडी बोटं त्याच्याभोवती आली, टेकली आणि थांबली. बाई काही क्षण त्या बोटांकडे बघत राहिल्या.

"अरे, जरा घट्ट धर की," त्या हाताला म्हणाल्या. "पडेन ना मी."

आईला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी मिरीने ते ऐकलं. हसतच आईने खटका एक घर पुढे सरकवला. पकड थोडी घट्ट झाली, आणि हात सावकाश वर उचलला जाऊ लागला. बाईंचे गुडघे थरथरले, कंबर सरळ झाली, खांदे मागे गेले. त्या उभ्या राहिल्या. त्या इतक्या उंच असतील असं कुणाला वाटलं नव्हतं.

"तुझ्या बोटांना अक्कल आली गं," त्या आईला म्हणाल्या. मग त्यांनी मोकळ्या हाताने मिरीच्या, अँटेनाच्या आणि ढब्बूच्या डोक्यावर एकेक टपली मारली. "आणि या तिघांना ती आधीपासूनच होती."

त्या तशाच खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बाहेर विशेष काही नव्हतं. रस्ता, एक सायकल, वाळत घातलेले कपडे. बाई ते सगळं डोळे भरून बघत होत्या, आणि त्यांना कुणी घाई केली नाही.

"झालं," शेवटी त्या म्हणाल्या. "बसवा आता मला. दमले."

आणि हाताने त्यांना अलगद खाली बसवलं.